धानाचं पोतं कुठे अडलं?

सप्लाय चेनवरचं कुठलंही प्रेझेंटेशन उघडा, दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडवर एक चित्र हमखास सापडतं. डावीकडे कारखाना, मग ट्रक, मग गोदाम, मग दुकान आणि उजव्या टोकाला हसणारं चौकोनी कुटुंब. सगळ्यांना जोडणारी एक निळी रेघ आणि वर एक ढग. त्या ढगाचं नाव 'डिजिटल बिझनेस नेटवर्क'. ढग आला की सगळे एकमेकांशी गुण्यागोविंदाने वागायला लागतात, असा एकूण भाव असतो.

मी असे ढग बनवायच्याच धंद्यात आहे, माझा पगार त्यातूनच येतो, हे आधीच सांगून टाकतो. ढग अगदीच पोकळ असतो असं माझं म्हणणंही नाही. पण तो खरंच कामाचा आहे का हे तपासायचं तर उदाहरण म्हणून मोटारीचे सुटे भाग किंवा शांपूच्या बाटल्या घेऊ नयेत. तिथे सगळे शहाणे, सगळ्यांकडे कॉम्प्युटर आणि सगळ्यांकडे वकील. धान घ्यावं. तेही गोंदियाचं.

(पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी: धान म्हणजे टरफलासकटचा तांदूळ, तुम्ही ज्याला शेतातलं भात म्हणता ते. आमच्याकडे भात फक्त ताटात असतो.)

गोंदियाहून बालाघाट रोडने निघालं की पाचेक किलोमीटरवर नागरा लागतं. जुनं शिवमंदिर आहे, महाशिवरात्रीला गर्दी होते, बाहेरच्या माणसाला गावाची माहिती बहुधा तेवढीच. बाकी चहूकडे धानाच्या बांध्या. याच रस्त्याने पुढे रावणवाडी, रजेगाव, आणि बाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेश. जिल्ह्याच्या पूर्वेला छत्तीसगड. म्हणजे हा असा कोपरा आहे की इथलं धानाचं पोतं तीन राज्यांपैकी कुठल्याही राज्याचं असू शकतं, आणि पोत्याला बोलता येत नाही. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

तर या पोत्याचा प्रवास बघा. शेतकऱ्याने दिवाळीच्या सुमारास हलकं धान कापलं, मळलं. सरकारी खरेदी केंद्रावर विकायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी. सातबारा, आधार, बँक खातं, आणि २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे शेतात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो. खरेदी करणारी एजन्सी म्हणजे मार्कफेड, आणि देवरी-सालेकसा बाजूच्या आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ. प्रत्यक्ष काटा करते ती गावची सहकारी संस्था. तिथे ओलावा मोजायचा, १७ टक्क्यांच्या आत असला तरच माल घ्यायचा. मग बारदाना, मग थप्पी, मग गोदाम. मग राइस मिलवाल्याच्या नावाने डिलिव्हरी ऑर्डर निघते, त्याला सगळे 'डीओ' म्हणतात. मिलवाला आपला ट्रक लावून धान उचलतो, भरडतो, आणि क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ सरकारी गोदामात जमा करतो (उकडा असेल तर ६८). कोंढा आणि कनकी त्याची. शेवटी तोच तांदूळ रेशन दुकानात जातो आणि अंगठा लावून कुणाच्या तरी पिशवीत पडतो. कधी कधी त्याच गावातल्या माणसाच्या, हाही एक विनोदच.

मोजून बघा: शेतकरी, संस्था, एजन्सी, मिल, वाहतूकदार, सरकारी गोदाम, रेशन दुकान, आणि पैसे देणारी दोन सरकारं. आठ-नऊ पक्ष. एकाचा दुसऱ्यावर फारसा विश्वास नाही, आणि तो नसण्याला सबळ कारणं आहेत. डिजिटल नेटवर्कसाठी याहून चांगलं गिऱ्हाईक शोधून सापडायचं नाही. आणि गंमत म्हणजे ते बऱ्यापैकी आलेलंही आहे. नोंदणीचं पोर्टल आहे, शेतकऱ्याचे पैसे थेट खात्यात जातात, रेशन दुकानात ई-पॉस मशीन आहे. २०१२ साली केंद्राने रेशन व्यवस्थेच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली तेव्हापासून एकेक तुकडा जोडला जातोय.

मग पोतं अडतं कुठे?

या पट्ट्यातल्या एका सहकारी संस्थेत बरीच वर्षं काढलेले एक काकाजी आमच्या ओळखीचे आहेत. त्यांना मी एकदा उत्साहाने समजावत होतो, की बघा काकाजी, आता सगळं ऑनलाइन झालं, नोंदणीपासून पेमेंटपर्यंत. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले,

"बाबू, थे सगडं खरं हाये. पन गोदाम कधी खाली होते थे सांगते का तुह्या कॉम्प्युटर?"

"नाही काकाजी, ते त्यात नाही."

"मंग आमच्या कामाचं काय हाये त्यात?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी नऊ-दहा स्लाइडचं उत्तर द्यायलाही सुरुवात केली नाही, एवढं शहाणपण तेवढ्यापुरतं सुचलं.

काकाजींचा प्रश्न साधा होता पण त्याच्या पोटात एक गणित आहे, आणि ते मी नंतर कागदावर मांडून बघितलं. तुम्हीही बघा, आठवीच्या वरचं काही लागत नाही. संस्थेने १००० क्विंटल धान १७ टक्के ओलाव्याने घेतलं. म्हणजे त्यात पाणी १७० क्विंटल आणि सुका माल ८३० क्विंटल. आता हे धान दोन-तीन महिने पडून राहिलं. हिवाळा संपून उन्हं तापायला लागली, ओलावा १४ वर आला. सुका माल तेवढाच, ८३०. पण आता तो एकूण वजनाच्या ८६ टक्के. ८३० भागिले ०.८६ म्हणजे ९६५ क्विंटल. जवळजवळ ३५ क्विंटल धान हवेत गेलं. चोरी नाही, उंदीर नाही, गळती नाही, निव्वळ भौतिकशास्त्र. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव २३६९ रुपये होता. त्या भावाने ही ८२ हजारांहून जास्त रकमेची तूट. सरकारी हिशेबात जी घट मान्य असते ती याहून बरीच कमी. मग उरलेली तूट कुणाच्या नावावर पडणार? ज्याच्या ताब्यात धान होतं त्याच्या, म्हणजे संस्थेच्या. संस्थेची सगळी कमाई काय, तर खरेदीवरचं कमिशन.

आता मजा अशी, की धान तीन महिने पडून राहिलं यात संस्थेचा हात नसतो. डीओ निघाला नाही म्हणून मिलवाल्याने उचललं नाही. मिलवाला म्हणेल, सरकारी गोदामात माझा तांदूळ उतरवून घ्यायला जागा नाही, मी धान उचलून करू काय? किंवा म्हणेल, भरडाईचा दर आधी ठरवा, कारण केंद्राचा मूळ दर क्विंटलला १० रुपये, आणि राज्याने वर काही टाकल्याशिवाय त्यात मिलचं वीजबिलही निघत नाही. गोदामवाला म्हणेल, पुढची उचल झाली नाही. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी खरं. उशीर मात्र कुणाच्याच नावावर नाही. त्याची किंमत तेवढी एकाच्या नावावर.

माझा मुद्दा हा आहे. आपण ज्याला सहकार्य म्हणतो, कोलॅबोरेशन, ते सप्लाय चेनमध्ये चांगल्या स्वभावाने येत नाही. उशिराची किंमत ज्याने उशीर केला त्याच्यापर्यंत पोचली की आपोआप येतं. नेटवर्क तिथे उपयोगी पडतं, कारण कोण कुणामुळे थांबलंय हे सगळ्यांना एकाच वेळी दिसतं. आणि जे नेटवर्क फक्त 'किती खरेदी झाली' एवढंच वर कळवतं ते मस्टर झालं. कॉम्प्युटरवरचं मस्टर.

इथे थोडं विषयांतर करतो. आमच्या क्षेत्रात या गोष्टीचा इतिहास चांगला आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटी वॉलमार्ट आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल या दोन बलाढ्य कंपन्यांनी ठरवलं, की लंगोट (म्हणजे पॅम्पर्स) किती विकले गेले हे दुकानाने रोज थेट कारखान्याला दाखवायचं आणि माल कधी पाठवायचा ते कारखान्याने ठरवायचं. त्याआधी काय व्हायचं? बाळं रोज ठरावीक लंगोट वापरतात, त्यात चढउतार तो कितीसा असणार! पण दुकान ऑर्डर देताना थोडी जास्त द्यायचं, वितरक त्याहून जास्त, आणि कारखान्यापर्यंत जाता जाता मागणीचा आलेख एखाद्या घाटरस्त्यासारखा दिसायचा. याला पुढे 'बुलव्हिप' हे नाव पडलं आणि १९९७ मध्ये हाऊ ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर गाजलेला लेख लिहिला. एमबीए केलेल्या मित्रांना विचारा, 'बिअर गेम' नावाचा खेळ खेळवून हेच शिकवतात. (त्यात बिअर नसते. पहिली निराशा तिथेच.)

हे झालं यशाचं. अपयशंही तितकीच शिकवणारी आहेत. २००० साली जनरल मोटर्स, फोर्ड आणि डेमलरक्रायस्लर यांनी एकत्र येऊन कोव्हिसिंट नावाचा ऑनलाइन बाजार काढला. जगातले सगळे सुटे भाग बनवणारे यावर येतील, अशी कल्पना. पुरवठादारांनी बघितलं, की हा बाजार आपल्या गिऱ्हाइकांनीच काढलाय, आणि इथला मुख्य कार्यक्रम उलट्या लिलावाने आपला भाव पाडणं हा आहे. ते आले, पण हात आखडून. २००४ पर्यंत कंपनी विकून टाकावी लागली. अगदी अलीकडे मर्स्क आणि आयबीएम यांचं ट्रेडलेन्स. ब्लॉकचेन, जहाजं, बंदरं, कस्टम्स, सगळं एका ठिकाणी. तंत्रज्ञानात फारसं खोट काढण्यासारखं नव्हतं. पण मालकी एका जहाज कंपनीची, आणि तिच्याच स्पर्धकांनी आपली माहिती तिथे ओतायची! नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर झालं, आणि कारण देताना त्यांनी स्वतःच सांगितलं, की सगळ्या उद्योगाचं सहकार्य मिळालं नाही.

म्हणजे नेटवर्क जर बलवान पक्षाने दुबळ्यावर नजर ठेवायला बनवलं असेल, तर दुबळा त्यात तेवढंच भरतो जेवढं सक्तीचं आहे. मी स्वतः एका मोठ्या कंपनीच्या व्हेंडर पोर्टलवर काम केलं आहे. त्यात पुरवठादाराने माल कधी पाठवला, किती तास उशीर केला, याचे लाल-हिरवे दिवे होते. कंपनीने बिल कधी पास केलं याचा दिवा नव्हता. आम्ही डिझाइनमध्ये सुचवला होता, तो 'फेज टू'मध्ये ढकलला गेला. आयटीवाल्यांना सांगायला नको, फेज टू म्हणजे काय ते.

आता परत गोंदियाला येऊ. इथलं पोर्टल का बनलं? प्रामाणिक उत्तर: चोरी थांबवायला. आणि चोरीची भीती खोटी नाही. हमीभाव आणि बाजारभाव यात फरक असला, की व्यापारी शेतकऱ्याचं धान कमी भावात घेऊन त्याच्याच सातबाऱ्यावर केंद्रावर विकणार, हे उघड आहे. त्यात २०२०-२१ च्या हंगामात राज्याने क्विंटलमागे ७०० रुपये बोनस दिला होता. क्विंटलमागे बोनस म्हणजे जितकी पोती जास्त तितका बोनस जास्त, मग पोतं कुठलं का असेना. वर म्हटलं ना, पोत्याला बोलता येत नाही आणि राज्याची हद्द इथून हाकेवर आहे. म्हणून २०२२-२३ पासून सरकारने पद्धत बदलली. हेक्टरी १५ हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत, आणि पुढच्या हंगामात हेक्टरी २० हजार. हा बदल मला फार हुशार वाटतो, आणि यात एका ओळीचंही सॉफ्टवेअर नाही! बोनस पोत्यावरून जमिनीवर नेला, आणि उसन्या पोत्यांचं आकर्षण बरंचसं गेलं. आमच्या धंद्यातल्या लोकांनी हे उदाहरण भिंतीवर लावून ठेवावं. कारण आम्ही काय केलं असतं? प्रत्येक पोत्याला क्यूआर कोड लावायचा प्रस्ताव दिला असता.

अर्थात क्यूआर कोडही वाया गेला नसता. ऑगस्ट २०२० ची शेजारची गोष्ट आठवते का? बालाघाट आणि मंडला जिल्ह्यांतल्या सरकारी तांदळाचे नमुने केंद्राच्या पथकाने तपासले, आणि हा तांदूळ माणसांनी खायच्या लायकीचा नाही, कोंबड्यांच्या खाद्यात जाईल असा आहे, असा अहवाल आला. कोविडचं वर्ष, लोक रेशनवर जगत होते, आणि ताटात हे! बालाघाट नागऱ्याहून एका तासाच्या आत आहे. असा तांदूळ गोदामात पोचतो तेव्हा वाटेत मिल असते, तपासनीस असतो, गोदामपाल असतो, आणि कागदोपत्री प्रत्येकाने माल योग्य म्हणून घेतलेला असतो. नोंदी सगळ्यांच्या पूर्ण असतात. म्हणून नुसत्या नोंदींवर माझा विश्वास नाही. नोंद अशी हवी, की पुढच्या माणसाला ती खोटी ठरवता येईल आणि ठरवण्यात त्याचा फायदा असेल.

अशी नोंद कुठे आहे का? आहे, आणि ती याच साखळीच्या दुसऱ्या टोकाला आहे. रेशन दुकान. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात रेशन कार्डाची पोर्टेबिलिटी सुरू झाली, तसंच आंध्र आणि तेलंगणात, आणि मग ती देशभर पसरली. आपल्या कार्डावर कुठल्याही दुकानातून धान्य उचलता येतं. लोक यातलं स्थलांतरित मजुराचं उदाहरण नेहमी देतात, ते बरोबरच आहे. पण माझ्या मते खरी करामत वेगळी आहे. दुकानदार वाकडा वागला तर तुम्ही पलीकडच्या दुकानात जाऊ शकता, आणि तुमचा अंगठा तिथे उमटला की पहिल्या दुकानदाराचं कमिशनही तिकडे गेलं. म्हणजे माहिती आणि निवड एकत्र आली. एकट्या माहितीने माणसाला आपली फसवणूक कशी झाली एवढंच तपशीलवार कळतं.

(अंगठा न उमटणारी म्हातारी माणसं हा वेगळा आणि गंभीर विषय आहे. मशीनने नाही म्हटलं की आजीबाईंना परत पाठवतात, त्याचं समर्थन मी करणार नाही.)

धान विकणाऱ्याला अशी निवड नाही. गाव केंद्राला जोडलेलं असतं. आपल्या केंद्राचं गोदाम भरलं, बारदाना संपला, काटा बंद, की थांबा. किती दिवस? ते कळत नाही. आणि शेतकऱ्याला थांबणं परवडतं का? कृषी केंद्राची उधारी असते, मजुरी असते, अंगणात उघड्यावर ढीग असतो आणि डिसेंबरातही कधीतरी आभाळ भरून येतं. तो व्यापाऱ्याला फोन करतो. समजा व्यापाऱ्याने २००० ने घेतलं. तीस क्विंटलवर ११ हजार ७० रुपये गेले. हे पैसे कुणी चोरले असं म्हणता येत नाही, कारण सौदा राजीखुशीचा होता. पण त्याला जर पक्कं कळलं असतं, की गोदाम अमुक तारखेला खाली होतंय आणि आपला नंबर त्यानंतर चौथ्या दिवशी आहे, तर तो थांबला असता की नाही? बहुतेक जण थांबले असते असं मला वाटतं. माणसं उशीर सहन करतात हो, रेल्वेच्या देशातले आहोत आपण. गाडी चार तास लेट आहे असं स्पष्ट सांगितलं तर आपण चादर पसरून झोपतो. कधी येईल कुणालाच माहीत नाही म्हटलं की डोकं फिरतं.

छत्तीसगडने या बाबतीत बरंच आधी काम केलं आहे. २००७ च्या सुमारास त्यांनी खरेदी केंद्रांवर कॉम्प्युटर बसवले, आणि आता 'टोकन तुंहर हाथ' या ॲपवर शेतकरी धान कधी आणायचं ती तारीख घरबसल्या घेतो. केंद्रात किती माल साठला की उचल व्हायलाच हवी याचीही 'बफर लिमिट' म्हणून मर्यादा ठरलेली असते. तिथे सगळं गोडगोड आहे असं समजू नका, सुखतीवरून, म्हणजे त्याच वाळण्याच्या तुटीवरून, तिथल्या समित्यांचीही ओरड असतेच. भौतिकशास्त्राला राज्याची हद्द कळत नाही. पण तारीख शेतकऱ्याच्या हातात देणं ही गोष्ट मात्र खरी नेटवर्कची आहे. तिथे शेतकऱ्याला सिस्टिम काहीतरी परत देते. आपल्याकडे तो नोंदणीत सगळं देतो, आणि बदल्यात 'आपली नोंदणी यशस्वी झाली' असा मेसेज मिळतो.

आयटीसीच्या ई-चौपालची आठवण इथे येते. २००० साली मध्य प्रदेशात सोयाबीनसाठी सुरू झालं. गावातल्या एका शेतकऱ्याच्या घरी कॉम्प्युटर, आणि उद्याचा भाव आजच घरी बघायचा, मग गाडी जुंपायची की नाही ते ठरवायचं. सगळे याचं कौतुक करतात ते कॉम्प्युटरसाठी. पण त्यांनी एक गोष्ट शहाणपणाने केली ती कमी लोकांना माहीत असते. मंडीतल्या जुन्या अडत्यांना हाकलून न लावता 'संयोजक' म्हणून सामील करून घेतलं. कारण हमाली, वाहतूक, रोकड, माणसं ओळखणं, हे सगळं तोच करत होता. मध्यस्थाला शिव्या घालणं आपल्याकडे फॅशन आहे, पण त्याचं काम कुणीतरी करावंच लागतं.

म्हणून गोंदियाच्या साखळीत मिलवाल्यांना चोर आणि संस्थांना बोगस धरून बनवलेली कुठलीही सिस्टिम मला पटत नाही. गोंदियाला 'राइस सिटी' म्हणतात ते या मिलांमुळेच. त्यांच्यात लबाड असतील, आहेतच, तसे प्रत्येक धंद्यात असतात (आमच्यात नाहीत काय? बेंचवरच्या माणसाचे तास क्लायंटच्या नावावर लावणारे कोण?). पण मिलवाल्याला जर दिसलं, की कुठल्या सरकारी गोदामात पुढच्या आठवड्यात किती जागा आहे, तर तो आपली भरडाई त्याप्रमाणे लावेल. आज तो ट्रक पाठवतो, ट्रक गोदामापुढे रांगेत उभा राहतो, दोन दिवसांचं भाडं चढतं, आणि पुढच्या वेळी तो धान उचलायलाच टाळाटाळ करतो. ती टाळाटाळ मागे सरकत सरकत काकाजींच्या थप्पीपर्यंत येते आणि तिथून शेतकऱ्याच्या अंगणात. लंगोटांचाच खेळ, फक्त उलट्या दिशेने.

यात अवघड तंत्रज्ञान काहीच नाही, हे मी जबाबदारीने सांगतो. सरकारी गोदामात किती पोती आली आणि किती गेली याची नोंद रोज होतेच. डीओला तारीख असते. ट्रक गेटमधून आत गेला की पावती फाटते. हे आकडे आज वर जातात, आडवे जात नाहीत. ते संस्थेला, मिलला आणि शेतकऱ्याला दिसू लागले की पुष्कळ काम झालं. त्यानंतर खरं दुखणं, म्हणजे घट. डीओ निघाल्यानंतर ठरलेल्या दिवसांत उचल झाली नाही, तर त्यापुढची घट मिलच्या खात्यावर. डीओच निघाला नाही, तर एजन्सीच्या. सरकारी गोदामाने माल उतरवून घेतला नाही, तर तिकडे. ओलावा खरेदीच्या दिवशी मोजलेला असतोच, उचलीच्या दिवशी पुन्हा मोजायचा आणि दोन्ही पावत्या दोघांच्या हातात द्यायच्या. वरचं आठवीचं गणित कॉम्प्युटर एका सेकंदात करेल. दूध संघात सभासदासमोर फॅट काढून पावती देतात ना, तसं.

यावर एक आक्षेप येणार हे मला माहीत आहे, आणि तो कमकुवत नाही. घट ज्याच्या-त्याच्या खात्यावर टाकली तर संस्था मुद्दाम ओलावा जास्त दाखवून पोतीच गायब करणार नाहीत कशावरून? करतील काही. पण १७ ची मर्यादा वरून आहेच, आणि उचलीच्या दिवशीचं मोजमाप मिलवाल्याच्या समोर होणार आहे. घट त्याच्या खात्यावर पडणार असेल तर तो काट्यावर दिवाणजी पाठवून उगाच चहा पीत बसणार नाही, मीटर हातात घेऊन स्वतः बघेल. दोघांचे हितसंबंध विरुद्ध असले की नोंद खरी व्हायची शक्यता वाढते. तपासनीस वाढवून ती तेवढी वाढत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आपला उशीर आपल्याच पोर्टलवर सगळ्यांना दिसेल अशी सिस्टिम कुठलं सरकारी ऑफिस स्वतःहून मागेल? खाजगी कंपनीनेही मागितली नव्हती, वर सांगितलंच. माझा अंदाज, ती संस्थांनाच मागावी लागेल, आणि एकेकट्या मागून काही होणार नाही. हंगामाच्या तोंडावर, खरेदीची परवानगी घेताना, करारातच हे कलम घाला असं सगळ्यांनी मिळून म्हटलं तर जमण्यासारखं आहे, कारण काटा शेवटी त्यांच्याकडेच आहे.

उन्हाळी धानाच्या वेळी तर हे फारच गरजेचं आहे. बाघ आणि इटियाडोहच्या कालव्याखालचं उन्हाळी धान मे महिन्यात निघतं, आणि जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पाऊस. खरिपाचंच धान गोदामात बसलेलं असलं तर उन्हाळी धान ठेवायचं कुठे? मग शाळेच्या खोल्या, समाजमंदिरं, नाहीतर ताडपत्री. काकाजींना गोदामाची तारीख हवी असते ती मेच्या पहिल्या आठवड्यात.